परक्या गावात आपले नाव

आपल्या समाजातील मुले-मुली आता परदेशी शिकायला जाऊ लागली आहेत. एके काळी अख्ख्या जिल्ह्यातून असा एखादाच निघे आणि त्याच्या सत्काराला पाच गावची माणसे जमत. आज बौद्धवाडीतून, चाळीतून, ज्यांच्या आईवडिलांनी मोलमजुरीत जन्म काढला त्या घरांतून मुले इंग्लंड-जर्मनीला जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, व्हिसाला कागद कोणते लागतात, हे सांगणारेही आता पुष्कळ आहेत. परंतु तिथे पोचल्यावर परक्या माणसांत राहावे कसे, मैत्री कोणाशी करावी, आपण कोण हे सांगावे की सांगू नये, याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. जणू विमान उडाले की सगळे प्रश्न खालीच राहिले!

मी स्वतः परदेश पाहिलेला नाही. एस.टी.त कंडक्टर होतो. रेवदंडा, मुरूड, रोहा, पेण या रस्त्यांवर नोकरी गेली आणि आता चौलला आमच्या वाडीत राहतो. पण माझी भाची इंग्लंडला एम.एस्सी. करायला गेली आणि आता तिथेच नोकरी करते. तिचे वडील ती शाळेत असतानाच वारले. त्यामुळे आईला जे सांगवत नाही ते ती मामाला सांगते. तिला विचारूनच हे लिहितो आहे. नाव मात्र देत नाही.

पहिल्या महिन्यात तिची तक्रार थंडीची होती, आणि दुपारी चारलाच अंधार पडतो याची. प्राध्यापकांना तिथे नावाने हाक मारतात. आपल्याकडे सरांच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून बाजूला होणारी मुलगी ती, तिच्या तोंडून नाव निघेना. तीन आठवडे तिने कोणालाच हाक मारली नाही, नुसती जवळ जाऊन उभी राही. रस्त्यात लोक ‘कशी आहेस’ म्हणून विचारतात आणि उत्तर न ऐकताच पुढे जातात. ही बिचारी सुरुवातीला उत्तर द्यायला थांबत असे. अशा गोष्टी महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही.

अवघड गोष्ट निराळीच निघाली. ती ज्या घरात राहत होती तिथे पाच खोल्या आणि एकच स्वयंपाकघर होते. पाच मुली, त्यांतल्या दोघी भारतातल्या. त्यांनी हिला पाहताच आनंदाने मिठी मारली. आपली माणसे भेटली म्हणून हिलाही हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी प्रश्न आला, ‘आडनाव काय तुझे?’ तिचे आडनाव आपल्यातही आहे आणि मराठ्यांतही आहे. म्हणून मग पुढचा प्रश्न, ‘म्हणजे कुठले?’ ती म्हणाली, ‘रायगडचे.’ मग, ‘घरी कुळदैवत कोणते? सोयरिक कोणाकडे होते? शिष्यवृत्ती कशातून मिळाली?’ ती म्हणाली, ‘मार्कांवर.’ ते खोटे नव्हते. पण त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. म्हणाली, ‘मामा, इथल्या गोऱ्यांनी मला एकदाही आडनावाचा अर्थ विचारला नाही. एवढे समुद्र ओलांडून आले ते पुन्हा याच परीक्षेला बसायला का?’

मी तीस वर्षे तिकिटे फाडली. माणूस कुठे चढला आणि कुठे उतरणार एवढेच तिकिटाला लागते. बाकी काही लागत नाही. पण तिला लगेच काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. सुचले ते आमच्या गावात फार पूर्वी येऊन गेलेल्या एका पाहुण्यावरून.

परका माणूस चौलला नवा नाही. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव दिसते, पण हे फार जुने बंदर आहे. जुने ग्रीक लोक याला सेमुल्ला म्हणत. कान्हेरीच्या लेण्यांत ‘चेमुला’च्या म्हणजे चौलच्या दात्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. येथल्या एका सोनाराच्या मुलाने भिक्खुसंघाला दान दिले, ते तिथे आजही वाचता येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसूदी नावाचा अरब प्रवासी आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. बगदाद, बसरा, ओमान येथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान या बंदरात राहतात आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १५२१ पासून पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. बाहेरून येणारा आपल्याबरोबर आपली भाषा, आपले खाणे, आपली प्रार्थना घेऊन येतो हे या किनाऱ्याने दोन हजार वर्षे पाहिले आहे.

त्या पाहुण्यांतला एक अफनासी निकितीन. रशियातील त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याला त्याच्या नावाने काळ्या दगडाचा स्तंभ उभा आहे. आमच्या वयाच्या लोकांना १९५७ चा ‘परदेसी’ सिनेमा आठवत असेल, नर्गिस आणि बलराज साहनी यांचा. तो याच माणसावर होता. सिनेमात त्याला फार देखणा आणि गोड दाखवला. खरा निकितीन कर्जात बुडालेला, वाटेत लुटला गेलेला आणि गावी परत जायची लाज वाटणारा माणूस होता. व्होल्गा नदीच्या मुखाशी तार्तरांनी त्याला लुबाडले. त्यात त्याची धर्मपुस्तकेही गेली. होर्मुझला त्याने एक घोडा विकत घेतला, कारण हिंदुस्थानात घोड्याला भाव येतो असे त्याच्या कानावर आले होते. तो घोडा जहाजात घालून तो आला तो आमच्या चौलला.

चौलविषयी त्याने पहिली गोष्ट लिहिली ती अशी, की मी जाईन तिकडे पुष्कळ माणसे माझ्या मागून येतात आणि गोऱ्या माणसाचे नवल करतात. गोऱ्याकडेही कोणी टक लावून बघत होते तर! भाचीला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली. तिच्या शहराबाहेरच्या एका खेड्यात बसमधल्या आजीबाई तिच्याकडे अशाच बघत असत.

चौलहून तो पालीला गेला, आठ दिवसांची वाट. तिथून घाट चढून जुन्नरला. रस्त्याने तो स्वतःचे नाव सांगत नव्हता. ‘खोजा युसूफ खोरासानी’ या नावाने तो वावरत होता. बहमनी मुलखात खोरासानचा मुसलमान व्यापारी म्हटला की वाट सोपी होई. पण जुन्नरला ते उघडकीस आले. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो आणि हजार मोहराही देतो, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खऱ्याखुऱ्या खोरासानी गृहस्थाने मध्ये पडून त्याला सोडवले. ज्याच्या मुलखाचे खोटे नाव घेतले, त्याच मुलखाच्या माणसाने वाचवले.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बिदरला पोचल्यावर घोडा एकदाचा विकला गेला. तिथे त्याची काही हिंदू कुटुंबांशी ओळख झाली. त्यांना त्याने सरळ सांगून टाकले की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे नाव अफनासी आहे. तेव्हापासून ते लोक माझ्यापासून काही लपवीनासे झाले, असे तो लिहितो. ना जेवण, ना व्यापार, ना पूजाअर्चा. त्यांच्याबरोबर तो श्रीपर्वताच्या यात्रेलाही गेला. आणि याच मोकळेपणामुळे त्याला ती गोष्ट दिसली जी आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. या देशात चौऱ्याऐंशी पंथ आहेत, आणि एक दुसऱ्याबरोबर खात नाही, पीत नाही, लग्न करीत नाही, अशी त्याने नोंद केली आहे. त्याच्या वहीत सणवारांचा हिशेब चुकल्याचे दुःख पानोपानी आहे. ईस्टर कधी आला, कधी गेला कळले नाही, म्हणून तो मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपास धरीत होता. बिचारा घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. वही तेवढी पोचली.

याचा अर्थ, खोटे नाव घेणारा भित्रा आणि खरे सांगणारा शूर, असा मी लावत नाही. एकटा माणूस परक्या वाटेवर असला की अंगावर काहीतरी पांघरून घेतो. आपल्याकडे शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव गिळणारी किती माणसे आहेत, ते मोजायला बसू नये. प्रश्न एवढाच, की पांघरूण किती दिवस ठेवायचे आणि कोणासमोर काढायचे?

इथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. आपण त्यांच्या पदव्या पाठ करतो, पण ते एक परदेशी विद्यार्थी होते, बावीस वर्षांचे, घरापासून दूर, हे विसरतो. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्यांदा राहिले, पण तिथले जेवण मानवेना. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जिथे काही हिंदी विद्यार्थी होते. तिथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. जेवणासाठी जागा बदलावी लागणे हे त्यांनाही चुकले नाही, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. आरंभीचे काही दिवस मित्र, खेळ, गप्पा यांत गेले असे त्यांचे चरित्रकार लिहितात. मग अभ्यासात जे डोके घातले ते वर काढले नाही. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कला होते. त्यांनी या हुशार तरुणाला आपल्या चळवळीत ओढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आधी शिक्षण, असे सांगून बाबासाहेब मोकळे झाले. आपल्या देशाची मंडळी म्हणतात म्हणून त्यांच्या मागे गेलेच पाहिजे असे नाही, हे त्यातून दिसते.

लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्या सोबत राहणारा मित्र होता नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि या नवल भथेनाने दिलेले पाच हजारांचे कर्ज, यावर निघाले. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राला १९३० मध्ये त्यांनी सांगितले की आपले आयुष्यातले उत्तम स्नेही म्हणजे कोलंबियातले काही वर्गबंधू आणि ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन हे प्राध्यापक. ज्या देशात त्यांना कोणी ओळखत नव्हते, तिथले हे मित्र. आणि तिथेच ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. परक्यांत मिसळण्यासाठी त्यांनी आपला विषय लपवला नाही. उलट तोच टेबलावर मांडला.

आणि मग परत आल्यावर काय झाले? १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. अमेरिका-इंग्लंडमधल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच, आता जायचे कुठे, या प्रश्नाने ती परत आली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. पारशी धर्मशाळेत गेले. तिथला व्यवस्थापक म्हणाला की ही फक्त पारशांसाठी आहे. शेवटी रोजच्या दीड रुपयावर तोडगा निघाला आणि वहीत त्यांचे नाव पारशी म्हणून लिहिले गेले. अडगळीच्या सामानाने भरलेल्या अंधाऱ्या दिवाणखान्याशेजारी, कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या सोबतीने दिवस काढले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी हातांत काठ्या घेऊन जिन्यात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोड! त्यांनी दोन मित्रांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एक म्हणाला, तू घरात आलास तर नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोचे कारण सांगितले. मग बागेत पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले.

वाचकहो, हे आपण अनेकदा वाचले आहे. पण भाचीशी बोलताना मला त्यातली एक गोष्ट नव्याने दिसली. न्यूयॉर्कमध्ये हा माणूस स्वतःच्या नावाने राहत होता, आणि आपल्या देशात त्याला दुसऱ्याच्या नावाने राहावे लागले. निकितीन परका होता म्हणून त्याने खोटे नाव घेतले. बाबासाहेब परके नव्हते, तरी त्यांच्यावर ते आले. आणि एक लक्षात ठेवावे. धर्मशाळेतून हाकलणारे पारशी होते, तसा पुढे पाच हजार रुपये देणारा मित्रही पारशीच होता. कोणत्याही समाजाला एकाच मापाने मोजू नये.

हे सगळे मी भाचीला एका दमात सांगितले नाही. फोनवर इतके बोलणे कुठे होते! थोडे थोडे सांगत गेलो. काय करायचे ते तिने स्वतः ठरवले. ६ डिसेंबरला तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो ठेवला, दोन मेणबत्त्या लावल्या, आणि एकटीनेच त्रिसरण-पंचशील म्हटले. भाषण नाही, घोषणा नाही. घरातल्या सगळ्या मुली येत-जात होत्या.

दोघी भारतीय मुलींपैकी एक काही न बोलता खोलीत गेली. दोन दिवसांनी तिने आपली भांडी आणि फ्रिजमधला कप्पा वेगळा केला. कारण सांगितले की जवळ्याचा वास येतो. जवळा हिने तिथे पोचल्यापासून शिजवला होता, वास मात्र ६ डिसेंबरनंतर येऊ लागला. दुसरी मुलगी आठवडाभर गप्प होती. मग एके दिवशी तिने विचारले की हे ‘ॲनिहिलेशन’ म्हणतात ते पुस्तक तुझ्याजवळ आहे का? आता दोघींचे बरे जमते. मैत्री म्हणावी इतके नाही, पण खोटेपणा राहिलेला नाही.

आणि तिसरी, नायजेरियाची. ती त्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि विचारू लागली, ‘हे आजोबा कोण?’ भाचीने सांगायला सुरुवात केली. अस्पृश्य म्हणजे काय हे इंग्रजीत समजावून सांगणे किती अवघड आहे, याची तिला तेव्हा कल्पना आली. पण ती मुलगी मध्येच म्हणाली, ‘समजले. आमच्याकडे ओसू असतात.’ नायजेरियातल्या ईग्बो लोकांत ओसू नावाची एक जात आहे. देवाला वाहिलेल्या लोकांचे वंशज म्हणून त्यांना बाहेर ठेवत, त्यांच्याशी लग्नसंबंध करीत नसत. तिथल्या पूर्व प्रांताच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये कायदा करून ही प्रथा रद्द केली. आपल्या धम्मदीक्षेचे तेच वर्ष! कायद्याने गेली, पण सोयरीक जुळवताना अजून डोके वर काढते, असे ती मुलगी म्हणाली. चिनुआ अचेबे या थोर लेखकाची १९६० ची एक कादंबरी यावरच आहे. तिच्यातला ओबी इंग्लंडमध्ये शिकून येतो, त्याला क्लारा नावाच्या मुलीशी लग्न करायचे असते, आणि ती ओसू निघते. शिकलेल्या ओबीचे सगळे पुरोगामीपण त्या एका गोष्टीपाशी येऊन अडते. आपल्याकडे अशा गोष्टी कादंबरीत शोधायला लागत नाहीत.

मग कळले की तिच्या देशातही सुकवलेले बारीक कोळंबीसारखे मासे कुटून कालवणात घालतात. डबा उघडून तिने वास घेतला आणि जवळा ओळखला. चौलच्या जवळ्याला आफ्रिकेतली ओळख निघाली. तेव्हापासून शनिवारी त्या दोघींचे एकत्र जेवण असते.

आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांबरोबर जातही विमानात बसते, ही गोष्ट आता बाहेरच्या जगालाही कळू लागली आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदाच केला. कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र त्याच वर्षी राज्यपालांनी सही न करता परत पाठवले. इंग्लंडच्या २०१० च्या समानता कायद्यात जातीचा उल्लेख आणण्याची सोय ठेवलेली होती, पण २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तसा कायदा करायचा नाही असे ठरवले. तेव्हा आपल्या मुलांनी जाण्याआधी त्या विद्यापीठाचे नियम काय आहेत ते वाचून जावे. भांडायला नव्हे. वेळ आली तर कोणत्या दारावर जायचे ते ठाऊक असावे म्हणून.

इथे पालकांना एक सांगावेसे वाटते. आपण फोनवर सारखे म्हणतो, ‘आपल्या माणसांत राहा, बाहेरच्यांत जास्त मिसळू नको.’ आपली माणसे म्हणजे कोण, हे मुलांना तिथे गेल्यावर शोधावे लागते. ते शोधायला वेळ लागतो आणि त्यात एखादी मैत्री फसतेही. माझी बहीण रोज विचारायची, ‘जेवलीस का?’ भाची रोज ‘हो’ म्हणायची. तीन महिन्यांनी मी बहिणीला म्हटले, कोणाबरोबर जेवलीस ते विचार. त्या एका प्रश्नाला उत्तर यायला लागले की पोरगी रुळली असे समजावे.

भाचीला आपली माणसे आणखी एका ठिकाणी मिळाली. इंग्लंडमध्ये वूल्व्हरहॅम्प्टन गावात आंबेडकरी बौद्धांचे विहार आहे. पंजाबातून कामासाठी गेलेल्या आपल्या बांधवांनी ते उभे केले. कारखान्यांत काम करून, पैसे जमवून. ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिला वाटले, इथे तरी मराठी ऐकायला मिळेल. तर सगळे पंजाबी बोलणारे! वयस्कर माणसे, डोक्यावर पगडी नाही पण बोलण्यात तोच ठसका. हिला पंजाबी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. वंदना सुरू झाली मात्र, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच पाली. एका आजींनी तिला जवळ घेतले आणि डब्यात पराठे बांधून दिले. त्यांनी गाव विचारले, हिने सांगितले, ‘महाडच्या जिल्ह्यातली.’ महाड म्हटल्यावर पुढे काही सांगावे लागले नाही.

लंडनलाही ती जाऊन आली. किंग हेन्री रोडवरचे १० नंबरचे घर, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भाजलेले पापड, असे त्यांचे लंडनमधले दिवस गेले हे तिने पुस्तकात वाचले होते. जिना बघून ती म्हणाली, ‘मामा, जिना किती अरुंद आहे! एवढी पुस्तके कशी चढवली असतील?’ एवढेच तिने त्याविषयी सांगितले.

सध्या तिने नवी खोली घेतली आहे. त्या नायजेरियाच्या मैत्रिणीबरोबरच. आम्ही इकडून एक पार्सल पाठवणार आहोत. तिने यादी दिली आहे: कोकम, तांदळाचे पापड, बाबासाहेबांचा एक छोटा फोटो, आणि जवळा दुप्पट, कारण खाणारी दोन तोंडे आहेत. बहिणीने तो अंगणात चटईवर वाळत घातला आहे आणि मांजरे हाकायला मला बसवले आहे.